श्रद्धांजलीनंतरचे कर्तव्य

२८ जून २०१८ रोजी दुपारी एकच्या सुमारास मुंबईतील घाटकोपर पश्चिमेच्या सर्वोदय नगर परिसरात एक छोटे विमान कोसळले. जीवदया लेनमधील एका बांधकाम सुरू असलेल्या इमारतीच्या आवारात पडलेल्या या विमानाने क्षणार्धात पेट घेतला. विमानातील दोन वैमानिक आणि देखभालीचे काम पाहणारे दोन अभियंते या अपघातात मृत्युमुखी पडले. रस्त्याने जाणारा एक पादचारीही प्राणास मुकला. आजूबाजूला दाटीवाटीची वस्ती, वेळ भर दुपारची, आणि तरीही मृतांची संख्या पाचवर थांबली याचे सर्वांनाच आश्चर्य वाटले. त्या आश्चर्याचे उत्तरही त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत तयार झाले. वैमानिकांनी स्वतःच्या प्राणांची पर्वा न करता विमान वस्तीपासून बाजूला वळविले, मोकळी जागा हेरली आणि असंख्य नागरिकांना वाचविले, असे ते उत्तर होते. वाहिन्यांवरून ते दिवसभर सांगितले गेले. सार्वजनिक जीवनातील मान्यवरांनी वैमानिकांच्या प्रसंगावधानाला अभिवादन केले. दुसऱ्या दिवशी ही कथा घराघरांत पोहोचली होती.

या कथेमागील भावना निर्मळ होती, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. मृत्यूबरोबर सारे दोष संपतात असे मानणारा आपला समाज आहे. गेलेल्या माणसाविषयी चांगले बोलावे, हा संस्कार आपल्याकडे लहानपणापासून होतो. कर्तव्य बजावताना ज्यांना मरण आले, त्यांच्याविषयी कृतज्ञता वाटणे हे समाज जिवंत असल्याचे लक्षण आहे. प्रश्न भावनेचा नाहीच. त्या भावनेने नंतर कोणत्या प्रश्नांची जागा घेतली, हा खरा प्रश्न आहे. अपघातात सापडलेल्या वैमानिकाला चौकशीपूर्वीच हुतात्मा ठरविले काय किंवा चौकशीपूर्वीच गुन्हेगार ठरविले काय, परिणाम एकच होतो. समाजाच्या लेखी चौकशीची गरज संपते. आणि चौकशीची गरज संपली की पुढचा अपघात टाळण्याची संधीही हातून जाते.

जुहू, सांताक्रूझ आणि मधली वस्ती

घाटकोपरला पडलेले विमान ‘किंग एअर सी-९०’ या जातीचे होते. दोन टर्बोप्रॉप इंजिनांचे हे छोटे विमान जगभर खासगी आणि शासकीय प्रवासासाठी वापरले जाते. हे विशिष्ट विमान पूर्वी उत्तर प्रदेश शासनाच्या मालकीचे होते. पुढे ते मुंबईतील एका खासगी कंपनीने विकत घेतले. दीर्घकाळ चाललेल्या दुरुस्तीनंतर ते चाचणीसाठी जुहू विमानतळावरून आकाशात झेपावले होते. म्हणजे त्या दिवशी विमानात कोणी प्रवासी नव्हता, कोणी रुग्ण नव्हता, कोणाला कोठे वेळेत पोहोचायचे नव्हते. हे विमान पुन्हा उडण्यास योग्य झाले आहे की नाही, हे पाहणे एवढाच त्या उड्डाणाचा हेतू होता.

जुहूचे विमानतळ हे भारतीय नागरी विमान वाहतुकीचे एक जन्मस्थान आहे. १९२८ मध्ये ते सुरू झाले. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन आपले ‘पस मॉथ’ विमान याच भूमीवर घेऊन उतरले आणि टाटांच्या हवाई टपालसेवेचा इतिहास सुरू झाला. त्या वेळी भोवती माडांच्या बागा, मोकळे माळ आणि समुद्र होता. आज समुद्र तेवढा शिल्लक आहे. विमानतळाच्या कुंपणापर्यंत शहर येऊन भिडले आहे. मोठी विमाने काही किलोमीटरवरील सांताक्रूझच्या विमानतळाकडे गेली आणि जुहूला हेलिकॉप्टरे व छोटी विमाने उरली.

ढगाळ हवेत जमीन दिसत नसताना विमान धावपट्टीपर्यंत आणणारी उपकरणाधारित अवतरण यंत्रणा जुहूला नाही. तेथे वैमानिकाने डोळ्यांनी पाहूनच उतरायचे असते. आकाश निरभ्र असेल तेव्हा त्यात अडचण नसते. जूनअखेरच्या मुंबईत मात्र आकाश निरभ्र असण्याचे दिवस मोजकेच. अशा वेळी एक मार्ग उरतो. मोठ्या विमानतळाच्या यंत्रणेचा आधार घेत, उपकरणांवर नजर ठेवून ढगांतून खाली यायचे आणि जमीन दिसू लागली की तो मार्ग सोडून डोळ्यांच्या भरवशावर जुहूकडे वळायचे. मुंबईच्या मुख्य धावपट्टीला ‘२७’ हा क्रमांक आहे, कारण तिच्यावर उतरणाऱ्या विमानाचे तोंड होकायंत्रावरील २७० अंशांकडे, म्हणजे पश्चिमेकडे असते. तिच्याकडे येणारी विमाने पूर्वेकडून, घाटकोपर-कुर्ल्याच्या छपरांवरून खाली उतरतात. समुद्रकाठच्या जुहूला परतणारे विमान शहराच्या पूर्व उपनगरात कसे पोहोचले, याचे उत्तर या मार्गात आहे.

अहवाल काय सांगतो

या अपघाताची चौकशी केंद्र शासनाच्या विमान अपघात अन्वेषण ब्युरोने केली. ब्युरोने अपघाताचे संभाव्य कारण नेमक्या शब्दांत नोंदविले आहे. खराब हवामान, उपकरणांच्या आधारे चाललेल्या उड्डाणातून दृष्टीच्या आधारे चालणाऱ्या उड्डाणात जाण्याचा क्षण, आणि दोन इंजिनांची शक्ती असमान रीतीने वाढल्यामुळे विमानाला अनपेक्षितपणे मिळालेला झुकाव या तीन गोष्टींमुळे वैमानिकांचे स्थितिभान सुटले, त्यांना दिशाभ्रम झाला आणि विमान ‘स्टॉल’ झाले, असा त्याचा आशय आहे.

या तांत्रिक शब्दांचा अर्थ सामान्य वाचकाने समजून घेतला पाहिजे, कारण सारा विषय त्यातच आहे. विमान हवेत तरंगते ते पंखांवरून विशिष्ट कोनातून वाहणाऱ्या हवेमुळे. वेग फार घटला किंवा नाक फार वर उचलले गेले की ही हवा पंखाला धरून वाहत नाही आणि पंखांची उचल एकाएकी नाहीशी होते. यालाच स्टॉल म्हणतात. इंजिन बंद पडणे आणि स्टॉल होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही इंजिने चालू असतानाही विमान स्टॉल होऊ शकते. उंची भरपूर असेल तर नाक खाली करून, वेग मिळवून विमान सावरता येते. परंतु उतरण्याच्या बेतातील विमानाकडे उंचीही नसते आणि वेळही नसतो. जगभरातील प्राणघातक विमान अपघातांत अखेरच्या टप्प्याचा वाटा मोठा असतो, त्याचे हेच कारण आहे. हा टप्पा संपूर्ण उड्डाणाच्या मानाने अगदी अल्प. पण चूक सुधारण्याची मुदत येथेच सर्वांत कमी असते.

दिशाभ्रमाचेही असेच आहे. माणसाच्या अंतर्कर्णात तोल सांभाळणारी रचना असते. जमिनीवर ती विश्वासू असते, ढगांत मात्र ती फसवते. क्षितिज दिसत नसेल तर झुकलेले विमान सरळ असल्याचे आणि सरळ विमान झुकल्याचे वाटू शकते. म्हणूनच ढगांत वैमानिकाने शरीराच्या जाणिवेवर विश्वास न ठेवता उपकरणांवर ठेवायचा असतो. ज्या क्षणी तो उपकरणांवरून नजर उचलून धूसर पावसाळी हवेत जमीन शोधू लागतो, तो क्षण सर्वांत धोक्याचा. नेमक्या अशाच क्षणी एका इंजिनाची शक्ती दुसऱ्याच्या आधी वाढली तर विमान एका बाजूला कलते आणि गोंधळात भर पडते. अनुभवी वैमानिकालाही हे होऊ शकते. त्यात भित्रेपणा नाही, हलगर्जीपणा असेलच असेही नाही.

आता त्या संध्याकाळच्या कथेकडे पुन्हा पाहिले पाहिजे. कमी उंचीवर स्टॉल झालेले विमान वैमानिकाच्या हाती राहिलेले नसते. त्याला हव्या त्या जागेकडे वळविणे शक्य होत नाही. ब्युरोने नोंदविलेल्या कारणमीमांसेत जागा निवडून केलेल्या बलिदानाला आधार सापडत नाही. ज्या बांधकामावर विमान पडले तेथील कामगार त्या वेळी जेवणाच्या सुट्टीवर गेले होते, अशा बातम्या तेव्हा आल्या होत्या. अनेकांचे प्राण वाचले ते या योगायोगाने. हे लिहिण्याने मृत वैमानिकांचा कोणताही अवमान होत नाही. अखेरच्या क्षणापर्यंत त्यांनी विमान सावरण्याची शिकस्त केली असणार, हे सांगावयास नको. परंतु जे घडलेच नाही त्याचा गौरव करून त्यांच्या स्मृतीत कोणती भर पडते, याचा विचार व्हावयास हवा.

कथेने झाकलेले प्रश्न

बलिदानाची कथा एकदा रूढ झाली की काही प्रश्न विचारणे अप्रशस्त वाटू लागते. घाटकोपरच्या बाबतीत हे प्रश्न साधे होते. हे उड्डाण त्याच दिवशी का झाले? चाचणीच्या उड्डाणाला मुहूर्त नसतो. आकाश मोकळे होईपर्यंत एक दिवस थांबता आले असते, आठवडाही थांबता आले असते. विशेष म्हणजे सारे शहर स्तुतिसुमने उधळत असताना हा प्रश्न विचारण्याचे धैर्य दाखविले ते मृत वैमानिकाच्या कुटुंबीयांनी. अशा हवेत हे उड्डाण झालेच का, असे त्यांनी अपघाताच्या दिवशीच विचारले होते. ज्यांचे सर्वस्व गेले त्यांना हुतात्म्याच्या किताबापेक्षा उत्तर हवे होते. शहराने किताब दिला आणि उत्तराचा आग्रह धरला नाही.

दुसरा प्रश्न जागेचा. दीर्घकाळ जमिनीवर राहिलेल्या विमानाची पहिली परीक्षा अत्यंत दाट वस्तीच्या शहरावर घ्यावी का? चाचणी म्हणजेच अनिश्चितता. विमान ठीक आहे याची पूर्ण खात्री असती तर चाचणीची आवश्यकताच नव्हती. अशी अनिश्चितता लाखो लोकांच्या डोक्यावरून नेताना त्या लोकांची संमती कोणी घेतली होती? रस्त्याने जाणाऱ्या त्या पादचाऱ्याने विमान प्रवासाचा कोणताही धोका पत्करलेला नव्हता.

तिसरा प्रश्न निर्णयाचा. उड्डाण करण्याचा निर्णय वैमानिकाच्या जागेवर बसून होत नाही. त्याआधी कार्यालयात, दुरुस्तीच्या हँगरमध्ये, परवान्याच्या टेबलावर अनेक निर्णय झालेले असतात. अशा चाचणीसाठी कोणत्या अनुभवाचा वैमानिक नेमावा, हवामानाची किमान मर्यादा कोणती असावी, वेळापत्रकाचा किंवा मालकाचा दबाव कोणी अडवावा, हे सारे त्या आधीच्या निर्णयांत येते. लोकांच्या नजरा वैमानिकावर खिळल्या की, मग त्या आदराने खिळोत वा रागाने, ही मागची सारी खोली अंधारात राहते.

आणि चौथी गोष्ट म्हणजे, या कथेत पाचपैकी तिघे जण नव्हतेच. विमानातील दोन अभियंते आपल्या हाताखालून गेलेल्या यंत्राच्या चाचणीसाठी त्यात बसले होते. आपण दुरुस्त केलेल्या विमानात स्वतः बसणे याला व्यवसायनिष्ठा म्हणतात. पण गौरवाच्या भाषणांत त्यांना फारसे स्थान मिळाले नाही, आणि पादचाऱ्याला तर त्याहून कमी मिळाले.

या तुलनेसाठी आणखी एक अपघात आठवतो. २५ मे २०११ च्या रात्री पाटण्याहून दिल्लीला एका रुग्णाला घेऊन येणारे ‘पिलाटस पीसी-१२’ हे एक इंजिनाचे छोटे विमान दिल्लीकडे उतरत असताना फरिदाबादच्या पर्वतीया कॉलनीतील घरांवर कोसळले. विमानातील सातही जण आणि जमिनीवरील तीन जण मरण पावले. चौकशीत खराब हवामान, नियंत्रणांची चुकीची हाताळणी आणि दिशाभ्रम यांपैकी एक किंवा या सर्वांचा एकत्रित परिणाम हे संभाव्य कारण म्हणून पुढे आले. तेथे निदान घाई समजण्याजोगी होती. एका माणसाचा जीव वाचविण्यासाठी ते उड्डाण झाले होते. घाटकोपरला अशी कोणतीही निकड नव्हती. सात वर्षांच्या अंतराने दोन छोटी विमाने उतरण्याच्या मार्गावर, ढगाळ हवेच्या सावटाखाली, दिशाभ्रमाच्या त्याच शंकेसह भरवस्तीत पडतात, याची नोंद किती जणांच्या मनात राहिली? फरिदाबादच्या अहवालापासून धडा घेतला गेला का, असे घाटकोपरच्या वेळी विचारणारे आवाज क्षीण होते, कारण त्या वेळी सारे जण वीरकथा ऐकण्यात गुंतले होते.

मंगळुरू ते कोझिकोड

छोट्या विमानांकडे लोकांचे लक्ष कमी असते म्हणून असे घडते, असे कोणी म्हणेल. मोठ्या प्रवासी विमानांचा अनुभवही वेगळा नाही. उलट तेथे ही प्रवृत्ती अधिक ठळकपणे दिसते.

२२ मे २०१० रोजी दुबईहून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान मंगळुरूच्या पठारी धावपट्टीवरून पुढे जाऊन दरीत कोसळले आणि १५८ जण मृत्युमुखी पडले. विमान उतरताना योग्य उंचीवर नव्हते. सहवैमानिकाने न उतरता पुन्हा वर जाण्याविषयी तीनदा सांगितले, यंत्राचे इशारे वाजत राहिले, तरीही कप्तानाने उतरणे सोडले नाही, असे चौकशीत आढळले. कप्तान परदेशी होता आणि प्रवासात बराच वेळ झोपला होता. समाजाला तेवढे पुरले. ‘झोपलेला परदेशी वैमानिक’ या तीन शब्दांत मंगळुरूचा विषय संपला.

दहा वर्षांनी, ७ ऑगस्ट २०२० रोजी, त्याच कंपनीचे दुबईहूनच आलेले विमान कोझिकोडच्या पठारी धावपट्टीवरून घसरून खाली पडले. दोन्ही वैमानिकांसह २१ जणांचे प्राण गेले. या वेळी कप्तान आपला होता, महाराष्ट्राशी नाते असलेला, भारतीय वायुदलात नावलौकिक मिळविलेला आणि प्रदीर्घ अनुभवाचा. काही तासांतच एक संदेश भ्रमणध्वनीवरून देशभर फिरू लागला. कप्तानाने आकाशात घिरट्या घालून इंधन संपविले, त्यामुळे आग लागली नाही आणि प्रवासी वाचले, असे त्यात म्हटले होते. लाखोंनी तो संदेश पाणावल्या डोळ्यांनी पुढे पाठविला. २०२१ मध्ये आलेल्या अन्वेषण ब्युरोच्या अहवालाने मात्र वेगळे चित्र मांडले. पाऊस आणि पाठीमागून येणारा वारा असताना विमान अस्थिर स्थितीत खाली आणले गेले. धावपट्टीचा जवळजवळ अर्धा भाग ओलांडल्यावर चाके टेकली. सहवैमानिकाने पुन्हा वर जाण्यास सांगितले होते, परंतु ते मानले गेले नाही.

म्हणजे मंगळुरूला जे घडले तेच बहुतांशी कोझिकोडला घडले. एका वेळी दोषी म्हणून आपण वैमानिकाला झिडकारले, दुसऱ्या वेळी वीर म्हणून त्याला मस्तकी धरले. दोन्ही वेळा शिकायचा धडा एकच होता. विमान ठराविक उंचीपर्यंत स्थिर झाले नसेल तर विनासंकोच पुन्हा वर जावे, आणि कनिष्ठ वैमानिकाने तसे म्हटले तर ज्येष्ठाने ते ऐकावे, हा तो धडा. पण तो शिकण्यासाठी आधी हे मान्य करावे लागते की, चूक करणारा माणूस वाईटच असतो असे नाही. झोपाळू माणसाच्या हातून जी चूक होते तीच मानपदके मिळविलेल्या माणसाच्या हातूनही होऊ शकते. दोघांच्या चारित्र्यात साम्य नसताना चूक एकच असेल, तर तिचे मूळ चारित्र्यात नसून व्यवस्थेत शोधले पाहिजे.

कोझिकोडच्या अहवालाने तसा शोध घेतलाही. कप्तानाच्या बाजूचा पाऊस पुसणारा वायपर नीट चालला नाही, याची त्यात नोंद आहे. त्याहून बोलका मुद्दा कामाच्या वाटपाचा आहे. त्या तळावर कप्तानांची संख्या अपुरी होती. याच कप्तानाला दुसऱ्या दिवशी सकाळी तेथूनच उड्डाण करायचे होते. दुसऱ्या विमानतळावर विमान नेले असते तर ते सकाळचे उड्डाण अडचणीत आले असते. कर्तव्यतत्पर माणसाला हीच गोष्ट कोझिकोडलाच उतरण्याच्या हट्टाकडे ढकलते. येथे कर्तव्यभावनेचाच घात झाला आणि त्याला कारण झाले कोठे तरी कार्यालयात बसून आखलेले वेळापत्रक. वैमानिकाला वीर म्हणणाऱ्यांनी हे वेळापत्रक पाहिले नाही, आणि वैमानिकाला दोष देणाऱ्यांनीही ते पाहिले नाही. जो माणूस खरोखर कर्तव्यनिष्ठ होता त्याची बाजू मांडणारे एकमेव साधन तो रुक्ष अहवालच होता.

आरोपाची घाई

याची दुसरी बाजू २०२५ मध्ये अहमदाबादला दिसली. १२ जून २०२५ रोजी एअर इंडियाचे मोठे विमान उड्डाणानंतर काही क्षणांतच कोसळले आणि विमानातील २४१ व जमिनीवरील १९ अशा २६० जणांचा बळी गेला. महिन्याभराने प्राथमिक अहवाल आला. त्यातील वैमानिकांच्या संभाषणाच्या त्रोटक उल्लेखावरून जगभरच्या काही माध्यमांनी मृत वैमानिकांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. प्राथमिक अहवाल म्हणजे निष्कर्ष नव्हे, एवढे साधे भानही राहिले नाही. जे स्वतःची बाजू मांडण्यास जिवंत नाहीत त्यांच्यावर असा आरोप होताना देशातील वैमानिक संघटनांनी निषेध केला, तो योग्यच होता.

पण येथे सुसंगती हवी. चौकशीपूर्वी आरोप अन्यायकारक असेल, तर चौकशीपूर्वी गौरवही तितकाच अकाली आहे. पहिल्यात क्रौर्य आहे आणि दुसऱ्यात कोमलता आहे हे खरे. पण दोन्हींत सत्याविषयीचा उतावळेपणा सारखाच आहे.

गौरव आणि चौकशी एकत्र नांदू शकतात

वीरांचा सन्मान आणि निर्मम चौकशी या परस्परविरोधी गोष्टी नाहीत. १५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्कमध्ये पक्ष्यांचा थवा आदळून दोन्ही इंजिने निकामी झालेले प्रवासी विमान वैमानिकाने हडसन नदीच्या पाण्यावर उतरविले आणि विमानातील सर्वच्या सर्व १५५ जण वाचले. साऱ्या अमेरिकेने त्या वैमानिकाला डोक्यावर घेतले. तरीही तेथील राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने चौकशीत कसर ठेवली नाही. जवळच्या विमानतळावर परतणे शक्य होते का, याची कृत्रिम उड्डाण यंत्रावर पुनःपुन्हा तपासणी झाली. सर्वांच्या लाडक्या वीरालाही प्रश्न विचारले गेले. अखेरीस नदीचा त्याचा निर्णय योग्य ठरला. त्याबरोबरच कमी उंचीवर दोन्ही इंजिने बंद पडल्यास वैमानिकांनी काय करावे याच्या सूचना अपुऱ्या आहेत, हेही पुढे आले. चौकशीने त्या वैमानिकाची प्रतिष्ठा तसूभरही कमी झाली नाही. आधी ती भावनेवर उभी होती, नंतर पुराव्यावर उभी राहिली.

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियमावलीतील तेरावे परिशिष्ट अपघात चौकशीचा हेतू स्पष्ट करते. भावी अपघात टाळणे हा एकमेव हेतू. दोष किंवा दायित्व ठरविणे हा नव्हे. म्हणजे या चौकशीला ना हुतात्मा हवा असतो, ना आरोपी. तिला फक्त घटनाक्रम हवा असतो. आपल्या देशात २०१२ मध्ये स्वतंत्र अन्वेषण ब्युरो स्थापन झाला. त्यापूर्वी बहुतेक अपघातांची चौकशी परवाने देणारे आणि देखरेख करणारे महासंचालनालयच आपल्या यंत्रणेमार्फत करीत असे. त्या मानाने हे मोठे पाऊल होते. तरीही ब्युरो नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्याच छत्राखाली ठेवण्यात आला. ज्या मंत्रालयाच्या धोरणांचीही प्रसंगी झाडाझडती घ्यावी लागेल, त्याच्याच अधीन राहून ती कितपत मोकळेपणाने होईल, ही शंका रास्त आहे. १९३४ च्या विमान कायद्याची जागा आता २०२४ च्या भारतीय वायुयान अधिनियमाने घेतली आहे. कायद्याचे नाव भारतीय झाले हे स्वागतार्हच आहे. आता चौकशीचे स्वातंत्र्यही तितकेच भक्कम झाले पाहिजे.

करावयाच्या गोष्टी

यासाठी काही मागण्या समाजाने धरून लावल्या पाहिजेत. दीर्घ दुरुस्तीनंतरची चाचणी उड्डाणे शक्यतो दाट वस्तीपासून दूर, समुद्रावर किंवा मोकळ्या प्रदेशात, आणि निःसंदिग्ध चांगल्या हवामानातच व्हावीत. ज्या विमानतळाकडे परतण्यासाठी ढगांतून शहरावरून यावे लागेल, तेथून अशा दिवशी चाचणीसाठी उड्डाण होऊच नये. छोट्या विमानांच्या व्यवसायावर मोठ्या कंपन्यांइतकीच कडक देखरेख असावी, कारण त्यांच्या खाली राहणाऱ्या माणसाचा जीव विमानाच्या आकाराने लहान ठरत नाही. अहवालातील प्रत्येक शिफारशीचे पुढे काय झाले, हे ठराविक मुदतीत जनतेला सांगणे बंधनकारक करावे.

माध्यमांचेही एक कर्तव्य आहे. अपघाताच्या दिवशी पहिले पान देणाऱ्या वृत्तपत्रांनी अंतिम अहवालाच्या दिवशी निदान अर्धे पान द्यावे. हे अहवाल इंग्रजीत असतात, तांत्रिक असतात आणि अपघातानंतर बऱ्याच काळाने येतात. तोवर लोकांच्या स्मरणात पहिल्या संध्याकाळची कथाच उरलेली असते. अहवालाचा आशय सुबोध मराठीत वाचकांपुढे मांडणे हे काही अवघड काम नाही. घाटकोपरच्या रहिवाशांना आपल्या छपरावरून विमान का गेले, हे त्यांच्या भाषेत समजण्याचा अधिकार आहे.

आणि सामान्य नागरिकाने एवढे करावे की, अपघाताच्या संध्याकाळी हाती आलेला संदेश, तो स्तुतीचा असो वा निंदेचा, पुढे पाठविण्यापूर्वी थांबावे. मृतांना त्या संध्याकाळी शांतपणे नमस्कार करावा, आणि काही महिन्यांनी अहवाल कोठे आहे, असे विचारावे. श्रद्धांजली एका दिवसात वाहून होते. त्यानंतरचे कर्तव्य दीर्घ, कंटाळवाणे आणि टाळ्या न मिळणारे असते. घाटकोपरला गेलेल्या त्या पाच जणांचे, ज्यांचा गौरव झाला त्यांचे आणि ज्यांची आठवणही फारशी काढली गेली नाही त्यांचे, खरे स्मारक व्हायचे असेल तर ते याच कर्तव्यातून होईल.